पातळी

माप घेणं हा माझा धंदा.
उद्यमनगरात लेथवर बावीस वर्षं,
केसभर चुकलं तरी जॉब परत येतो.

तेजल पाचवीला हायस्कुलात गेली
तेव्हा पहिलं माप चुकलं ते युनिफॉर्मचं.
वाढतं अंग म्हणून टेलरनं
बाह्या कोपराखाली आणल्या
आणि त्या बाह्यांत ती
महिनाभर लहान होत गेली.

गल्लीतल्या शाळेत चार वर्षं एकच बाई, गुरवबाई.
अंग कोमट लागलं तरी कपाळाला हात लावायच्या.
इथं आठ सर-मॅडम,
पस्तीस मिनिटांनी घंटा,
वर्गात बहात्तर पोरं,
आणि हिचं नाव आता एकोणसाठ.

रोज संध्याकाळी मी विचारायचो,
काय शिकवलं आज?
"काही नाही."
दप्तरातला डबा हलवून बघायचो.
वाजायचा नाही. भरलेला डबा वाजत नाही.

उज्ज्वला म्हणाली, "अहो, जॉब न्हाई ती,
सारखं गेज लावून बघाय."
ती स्वतः काहीच विचारायची नाही.
शेंगा फोडत बसायची पोरीशेजारी,
आणि कधीतरी टरफलांतून
दाण्याऐवजी शब्द निघायचा:
जिना. मधल्या सुट्टीतला नळ.
"इंग्लिशच्या मॅडम मलाच उभं करतात."
हिनं मान हलवली, पुढची शेंग घेतली.
मी मात्र रातपाळीला
त्या न पाहिलेल्या मॅडमशी मनात भांडत
तीन बुश वाया घालवले.

जुलै सरता सरता सगळं कोल्हापूर
राजाराम बंधाऱ्याचे आकडे मोजू लागलं.
एकोणचाळीस फूट, इशारा.
त्रेचाळीस, धोका.
मला वाटायचं, पोरीच्या आतही
असा एक बंधारा असता,
किती चढलंय ते तासातासाला
मोबाईलवर आलं असतं.

शाळेला सुट्टी पडली. नाचेल म्हटलं,
तर दोन दिवस खिडकीत बसून होती.
मग म्हणाली, "बाबा, चिखलीत किती आलंय?"
मी फूट-इंच सांगू लागलो.
"ते नको. माणसं कुठं नेलीत?"
कुणाची माणसं?
"प्रणोतीची. म्हैस पण आहे त्यांची, गाभण."

हे नाव घरात पहिल्यांदा आलं,
तेही पुरातून.

उज्ज्वलानं चपात्या लाटल्या, वीस-बावीस,
आणि आम्ही सोनतळीला गेलो.
त्या दोघी आम्हाला विसरून
पत्र्याच्या शेडमागं पळाल्या.
तिथनं आवाज आला, "स्टँड अप!"
मॅडमची नक्कल. पाठोपाठ हसणं.
तेजलचं हसणं मी ओळखलं,
पण जरा उशिरा.
प्रणोतीचा बाप म्हशीची पाठ खाजवत उभा होता.
काय बोलावं दोघांनाही सुचेना.
शेवटी तोच म्हणाला,
"तुमची बोलती का घरात?"
न्हाई.
"आमची बी न्हाई."
मग आम्ही बराच वेळ म्हशीकडं बघत राहिलो.

सहामाहीत इंग्रजीला चाळीसात सतरा.
पालकांची सही, त्या रेघेवर
मी नाव जरा मोठंच लिहिलं, रेघेबाहेर गेलं.
डबा आता वाजतो.
कधी त्याला आमच्या घरात न होणाऱ्या
कारळ्याच्या चटणीचा वास असतो.
काय शिकवलं, ते अजून कळत नाही मला.
शेंगा मात्र फोडायला शिकलोय.

दिवाळीच्या सुट्टीआधी तिनं विचारलं,
"तुमचं ते व्हर्निअर उद्या नेऊ?
प्रणोतीच्या रेडकाला शिंगं फुटायलीत.
किती, ते बघायचंय."
बावीस वर्षांत ते मी
शेजारच्या मशीनवाल्यालाही दिलेलं नाही.
फडक्यात गुंडाळलं, दप्तरात ठेवलं,
आणि फक्त एवढंच म्हटलं,
पाडू नको.